आडवे, उभे आणि उलटे

आपल्या मेसमधल्या मराठी पेपरला रोज एक चौकोनी खिडकी पडलेली असते. शब्दकोडं कोण कापून नेतं याचा पत्ता रेक्टर मॅडमनाही लागलेला नाही. आज कबूल करते, ती मीच! आधी कारण ऐका, मग काय दंड करायचा तो करा.

माझे आजोबा मालवणात असतात. पूर्वी ते बोटीवर खलाशी होते. सकाळचा चहा आणि पेपरातलं कोडं हा त्यांचा नेम. दोन वर्षांपूर्वी काचबिंदूने त्यांची नजर गेली. तेव्हापासून रोज रात्री आठला मी हॉस्टेलच्या गच्चीवर जाते (रेंज तिथेच मिळते!) आणि फोनवरून त्यांना कोडं वाचून दाखवते. पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. मी पडले कॉन्व्हेंटची. इंग्रजी पेपरातलं क्रिप्टिक मी बऱ्यापैकी सोडवते, पण मराठी वाचताना अडखळते. आजोबा म्हणाले, "चेडवा, वेलांटी पयली की दुसरी ता सांग. तुका मराठी धड वाचूक येणा नाय, आणि म्हणे इंजिनियर!" मला ते फार लागलं. म्हणून मग मी त्यांना म्हटलं, तुमचं कोडं साधं आहे, मी तुम्हाला गूढ कोडं शिकवते.

साध्या कोड्यात समानार्थी शब्द विचारतात. न्यूयॉर्कच्या एका पेपरात आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ ला पहिलं कोडं छापलं, ते असंच होतं. पुढे इंग्लंडमध्ये त्याला क्रिप्टिक वळण मिळालं. आपल्याकडे 'द हिंदू'ची क्रिप्टिक कोडी १९७१ पासून येतात आणि ती सुरुवातीला रचत होते ॲडमिरल कटारी, म्हणजे १९५८ साली नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झालेले! हे ऐकून आजोबा एकदम खूश. "म्हणजे दर्यावर्दीचाच काम ता!"

आता नियम. गूढ सूत्राचे दोन भाग असतात. एका टोकाला सरळ अर्थ, उरलेल्या भागात शब्दाचा खेळ. दोन्हीकडून उत्तर एकच यायला हवं, म्हणजे ताळा आपोआप होतो. कंसातला आकडा उत्तराची अक्षरं सांगतो. वाक्याचा वरवरचा अर्थ मात्र आपल्याला फसवण्यासाठीच असतो, त्याच्या नादी लागू नये. मी आणि आजोबांनी मिळून केलेली ही उदाहरणं बघा.

१. लपलेला शब्द : 'कमाल वणव्यात दडलेलं किनाऱ्यावरचं गाव (४)'. वणवा विसरा. 'कमाल वणव्यात' ही अक्षरं सलग वाचा, मधोमध 'मालवण' सापडेल.

२. ढवळाढवळ : 'बरसत ढवळलं की कोकमाचं प्यायला मिळतं (४)'. 'बरसत'ची अक्षरं हलवली की 'सरबत'.

३. श्लेष : 'सरकारला भरायचा, देवापुढे जोडायचा (२)'. उत्तर 'कर'.

४. तोडजोड : 'घाव घाली, तरी पंढरीला जाई (४)'. घाव घाली म्हणजे 'वार करी'. जोडून लिहा, 'वारकरी'!

५. उलटा शब्द : हे मी समजावत होते तेव्हा आजोबा हसायला लागले. म्हणाले, ह्या तुझ्या इंग्रजांच्या आधी आमच्या वाल्या कोळ्याक म्हायत होता. 'मरा मरा' म्हणता म्हणता 'राम राम' झालाच ना? मी गप्प! मग जिद्दीने मीही एक सूत्र रचलं : 'गरीब उलटला की वाहू लागते (२)'. गरीब म्हणजे दीन, उलटा केला की नदी. पण वहीत मी लिहिलं होतं 'दिन', आणि वाचूनही तसंच दाखवलं. आजोबांनी लगेच पकडलं. "दिन म्हणजे दिवस. तो उलटलो तर 'नदि' होतली, आणि तसली नदी खंयच व्हावणा नाय!" शाळेत शुद्धलेखनाचे इतके मार्क गेले, पण वेलांटी कशासाठी असते ते मला त्या रात्री गच्चीवर कळलं.

इंजिनियर मंडळींसाठी एक मुद्दा. इंग्रजीत सगळी मिळून २६ अक्षरं, ती हवी तशी फिरवता येतात. मराठीत एका 'क'चीच बाराखडी १२ अक्षरांची, शिवाय जोडाक्षरं वेगळी. कोड्याच्या एका घरात एक अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रेसकट. 'शब्दकोडे' लिहायला चारच घरं लागतात, आणि त्यातला 'ब्द' फोडता येत नाही. त्यामुळे मराठीत ढवळाढवळ अवघड आणि आडवे-उभे शब्द एका घरात जुळवणं त्याहून अवघड. पण श्लेष आणि उलटापालट यात मराठी कुणाला हार जाणार नाही. 'रामाला भाला मारा' दोन्हीकडून वाचून बघा की!

असो. हल्ली आजोबा रोज स्वतःचं एक सूत्र तयार ठेवतात. दिवसभर खाटेवर पडून डोक्यात जुळवतात, लिहून ठेवायची सोय नाही ना. फोन उचलल्या उचलल्या आधी ते सांगतात आणि मगच जेवलीस का विचारतात. परवाचं त्यांचं सूत्र तुमच्यासाठी इथे देते :

'उलटलं तरी तसंच पाण्यावर राहतं (३)'

मला ते सुटायला दोन दिवस लागले. उत्तर मेसच्या नोटीस बोर्डावर लावीन. आणि उद्यापासून कोडं कापणार नाही, झेरॉक्स काढीन. शप्पथ!