खुराड्याला वारा हवा

परभणी
कार्तिक वद्य पंचमी

चि. ताईस,


तू पाठवलेला खुराड्याचा फोटो पाहिला. थंडी वाढली म्हणून जावईबापूंनी वरपासून खालपर्यंत ताडपत्री आवळून बांधली आहे. त्यामागची माया कळते, पण वरची वीतभर जागा आजच मोकळी कर.

आपल्याकडची थंडी थट्टेवारी नेण्यासारखी नाही. 2018 च्या डिसेंबरात इथं कृषी विद्यापीठात पारा 3 अंशांपर्यंत उतरला होता. तरी अंगावर पूर्ण पिसं आलेली कोंबडी नुसत्या गारठ्यानं सहसा दगावत नाही. तिचं अंग मुळात 41-42 अंशांचं. रात्री ती पिसं फुलवून बसते, त्यांत हवा कोंडून धरते आणि तीच तिची गोधडी. तिला खरी बाधते ती ओल. विष्ठेत निम्म्याहून जास्त पाणी असतं, श्वासातूनही वाफ निघते. सगळं बंद केलंस की ती वाफ ताडपत्रीला आतून धरते आणि पहाटे थेंब थेंब कोंबड्यांच्याच पाठीवर गळते. ओल्या पिसांत ऊब राहत नाही. शिवाय ओल्या विष्ठेचा उग्र वायू छातीत भरतो आणि घरघर, सर्दी मागं लागते.

म्हणून उत्तरेकडून झोंबणारं वारं कोंबड्या बसतात त्या उंचीपर्यंत अडव. त्याला बारदाना किंवा तुराट्यांचा कूड पुरे. छपराखालची फट मात्र रात्रंदिवस उघडी ठेव. मुंगूस नाहीतर रानमांजर शिरू नये म्हणून तिथं बारीक जाळी ठोकायला जावईबापूंना सांग. दिवस वर आला की दक्षिणेकडचा बारदाना गुंडाळून ऊन आत येऊ दे. सकाळी दार उघडताच खाली वाक, तोंड कोंबड्यांच्या उंचीवर ने आणि श्वास घे. डोळे चुरचुरले तर वारा कमी पडतोय, असं धर.

खाली सोयाबीनचा कोरडा भुसा चार बोटं अंथर आणि रोज खालीवर कर. मूठभर घेऊन दाबून बघ. मूठ उघडल्यावर तो सुटा झाला तर ठीक. गोळा तसाच राहिला तर तेवढी जागा उकरून नवा भुसा घाल. बसायची दांडी दोन-तीन बोटं रुंद आणि चपटी हवी, म्हणजे पोटाची पिसं पायांच्या बोटांवर येतात. संध्याकाळी कोंडायच्या आधी मूठ-मूठ ज्वारी किंवा मका टाक. भरल्या पोटी रात्र निभते. पाणी रात्रीचं शिळं ठेवू नकोस. बोअरचं ताजं पाणी सकाळी कोमट असतं, तेच दे.

अंडी कमी झाली म्हणून विहीणबाई नाराज आहेत, असं लिहिलंस. त्यांना सांग, दिवस लहान झाला की असं होतंच. नियमित अंड्यांना कोंबडीला चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो. पौषात आपल्याकडे दिवस अकरा तासांचा. ग्रामप्रिया जातीच्या कोंबड्यांसाठी पहाटे बल्ब लाव. संध्याकाळी नको, कारण तो एकदम विझला की अंधारात त्यांना दांडी सापडत नाही. गावरान कोंबड्यांच्या मागं मात्र लागू नकोस. त्यांना विसावा घेऊ दे.

पिल्लांची गोष्ट अगदी वेगळी, त्यांना ऊब हवीच. खुडुक कोंबडीच्या पंखाखाली असतील तर निश्चिंत राहा. विकत आणलेल्यांना पहिल्या आठवड्यात 35 अंशांची ऊब लागते, पुढं दर आठवड्याला तीनेक अंश कमी करायची. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात: बल्बखाली एकमेकांवर चढली तर गारठलीत, कडेला पळून चोच वासली तर उकडतंय, सगळीकडे पसरून टिपत असली तर बरोबर. लाइट गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून ठेव. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नकोस, तो धूर जीव घेतो. पिल्लांचाही आणि माणसांचाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मानमोडी आली की कोंबडी मान पिळते, हिरवट हगते आणि दोन-चार दिवसांत खुराडं ओस पडतं. त्यावर औषध नाही, लसच आहे. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा थेंब डोळ्यात आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी टोचून. एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या तर त्या ओढ्यात टाकू नका आणि खाऊही नका, आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. 2021 च्या जानेवारीत आपल्याच जिल्ह्यात, मुरुंब्यात, बर्ड फ्लू निघाला होता, हे विसरू नकोस.

लसीची कुपी एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते आणि एका कुपीत शंभरावर डोस असतात. तुझी पंचवीस पाखरं, बाकीची लस वाया. म्हणून बचत गटातल्या बायकांशी बोलून सगळ्या गल्लीची एकच सकाळ ठरव. कोंबड्या सोडायच्या आधीच काम उरकेल. गंगाखेडहून लस आणताना थर्मासात बर्फ न्यायला विसरू नकोस. दिवस ठरला की फोन कर, मी आदल्या रात्रीच मुक्कामाला येतो.

तुझा,
मामा