गेलेल्या वस्तूचा शोध आणि स्वतःचा शोध



आपल्या संस्थेतून बाहेर पडलेली मुले-मुली आज जळगाव, धुळे, नाशिक, पुणे आणि मुंबई येथे शिकत आहेत, नोकऱ्या करीत आहेत. एके काळी पत्र्याच्या पेटीत वह्या घेऊन वसतिगृहात येणाऱ्या या पिढीच्या पाठीवर आता लॅपटॉपची बॅग असते. भुसावळ जंक्शनवर मध्यरात्री गाडी बदलताना, धुळ्याच्या बसस्थानकावर गर्दीतून चढताना किंवा भाड्याच्या खोलीला साधे कुलूप लावून बाहेर गेले असताना ती बॅग नाहीशी होते. असा प्रसंग आपल्यापैकी अनेक कुटुंबांना माहीत आहे. त्याला सामोरे कसे जावे, याचा विचार धम्माच्या आणि कायद्याच्या आधारे करावा, या हेतूने हा अभ्यासलेख आम्ही स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

लॅपटॉप ही एक वस्तू आहे, हे खरे. परंतु आपल्या घरांत ती कशी येते हे आपण जाणतो. कोणाच्या आईने बचत गटातून कर्ज काढलेले असते, कोणाच्या वडिलांनी केळीच्या बागेतील मजुरीतून वर्षभर पैसे बाजूला टाकलेले असतात, कोणी शिष्यवृत्तीची रक्कम खर्च न करता राखून ठेवलेली असते. म्हणून अशा वेळी मिळणारी दोन सांत्वने आम्हाला अपुरी वाटतात. एक म्हणते, “वस्तूच ती, दुसरी येईल.” दुसरी सहज येणार नसते. दुसरे म्हणते, “नशिबात नव्हती.” नशिबावर भार टाकणे आपल्याला शिकविलेले नाही. मग करावे काय?

तीस तरुणांची कथा

विनयपिटकातील महावग्गात याच विषयाची एक कथा आहे. सारनाथ येथील पहिल्या वर्षावासानंतर तथागत उरुवेलेकडे निघाले होते. वाटेत एका वनखंडात ते वृक्षाखाली बसले असताना भद्दवग्गीय म्हणून ओळखले जाणारे तीस तरुण तेथे धावपळ करीत आले. ते आपापल्या पत्नींसह वनविहारास आले होते. एकाला पत्नी नव्हती, म्हणून त्याच्यासाठी एक गणिका आणलेली होती. सर्व जण मौजेत बेसावध असताना ती त्यांचे सामान घेऊन निघून गेली. तिला कोठे पाहिले काय, असे त्यांनी तथागतांना विचारले. सारी हकिगत ऐकून तथागतांनी त्यांना प्रतिप्रश्न केला: त्या स्त्रीचा शोध घेणे आणि स्वतःचा शोध घेणे, यांपैकी तुमच्यासाठी अधिक चांगले कोणते? तरुणांनी दुसरे निवडले, ते बसले, त्यांनी धम्म ऐकला आणि पुढे ते भिक्खू झाले.

या कथेतून काही जण असा अर्थ काढतात की, चोरीला गेले ते सोडून द्यावे. आम्हाला हा अर्थ पटत नाही. ज्या विनयात ही कथा आहे, त्याच विनयात न दिलेली वस्तू घेणे हा भिक्खूच्या बाबतीत दुसरा पाराजिक, म्हणजे संघातून कायमचे बाहेर पडावे लागणारा अपराध मानला आहे. राजा बिंबिसाराची लाकडे परस्पर उचलणाऱ्या धनिय नावाच्या भिक्खूच्या प्रकरणावरून तो नियम झाला, आणि त्यासाठी पाच मासक या किमतीची मर्यादाही ठरविली गेली. गृहस्थांच्या पंचशीलातही अदिन्नादानापासून अलिप्त राहणे हे दुसरे शील आहे. धम्माने चोरी कधीच क्षुल्लक मानली नाही. तथागतांचा प्रश्न चोरी झालेल्या माणसाच्या मनाविषयी आहे. रागाच्या भरात धावत सुटलेल्या माणसाला वस्तू तर सापडत नाहीच, पण तो स्वतःही हरवतो. म्हणून सामान्य गृहस्थाने दोन्ही शोध घ्यावेत, मात्र शांत चित्ताने आणि योग्य क्रमाने, असे आमचे मत आहे.

पहिला शोध : वस्तूचा

चोरी लक्षात येताच पहिल्या तासात दुसऱ्याच्या फोनवरून किंवा संगणकावरून आपल्या ई-मेलचा पासवर्ड बदलावा आणि सर्व उपकरणांवरून बाहेर पडण्याची सोय वापरावी. ई-मेल हाती लागला की बाकीची खाती उघडणे चोराला सोपे जाते, म्हणून सुरुवात तेथून करावी. मोबाइलही गेला असेल तर सिमकार्ड बंद करावे, बँकेला कळवावे. खात्यातून पैसे गेल्याचे दिसल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. मोबाइलला १५ अंकी आयएमईआय क्रमांक असतो. त्यावरून केंद्र शासनाच्या संचार साथी संकेतस्थळावर फोन देशभर बंद करता येतो. बहुतेक लॅपटॉपना असा क्रमांक नसतो, त्यांची ओळख अनुक्रमांकावरून पटते. तो खोक्यावर, बिलावर आणि यंत्राच्या खालच्या बाजूस असतो. आजच त्याचे छायाचित्र काढून घरच्यांकडे पाठवून ठेवावे.

त्यानंतर पोलीस ठाणे. येथे आपली माणसे बिचकतात. ‘कोर्टकचेरी नको’ म्हणून परत फिरतात, किंवा ‘गहाळ’ अशी नोंद मिळाली की समाधान मानतात. वस्तू गहाळ झाल्याची नोंद आणि चोरीची फिर्याद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चोरीचा तपास प्रथम खबरी अहवालावर, म्हणजे एफआयआरवर चालतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत तिच्यावर सही करावी लागते. नोंदीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळाली पाहिजे. ठाण्यात नोंद नाकारली गेल्यास लेखी मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठविता येतो आणि त्यानेही काम न झाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. चोरी रेल्वेत झाली असेल तर १३९ वर कळवावे आणि लोहमार्ग पोलिसांकडे फिर्याद द्यावी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ प्रमाणे राहत्या घरातील व प्रवासी वाहनातील चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हे लक्षात घेता आपली तक्रार किरकोळ आहे, असे कोणी म्हटले तरी मनाला लावून घेऊ नये.

फिर्याद देण्यात सूडबुद्धी नाही. आपल्या मागून त्याच खोलीत राहायला येणाऱ्या मुलाचे रक्षणही त्यात आहे. शिवाय बॅगेत जातीचे प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र किंवा शाळा सोडल्याचा दाखला असेल, तर दुय्यम प्रत मिळविताना पोलिसांतील नोंद उपयोगी पडते. या कागदांवर प्रवेश आणि नोकरी अवलंबून असते, म्हणून मूळ कागद लॅपटॉपच्या बॅगेत कधीही ठेवू नयेत. डिजिलॉकरमध्ये थेट शासकीय विभागाकडून आलेली प्रमाणपत्रे कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीची मानली जातात.

जे चोरीला जात नाही

वस्तू परत मिळेलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. तेथे मनाची कसोटी लागते. अशा वेळी आम्हाला १९१७ सालाची आठवण होते. बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे बाबासाहेबांना लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. ते स्वतः एका बोटीने आले, त्यांचे सामान आणि पुस्तके दुसऱ्या बोटीने निघाली होती. ती बोट जर्मन पाणबुडीने बुडविली. पोटाला चिमटा काढून जमविलेला ग्रंथसाठा समुद्राच्या तळाशी गेला. २१ ऑगस्ट १९१७ रोजी ते मुंबईत पोहोचले. बुडालेल्या सामानाबद्दल थॉमस कुक कंपनीकडून ६०० रुपये भरपाई मिळाली, आणि त्यातून त्यांनी बडोद्याच्या प्रवासाचा खर्च भागविला. भरपाई त्यांनी घेतली, ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी. हक्काची रक्कम सोडून देण्यात त्यांनी मोठेपणा मानला नाही.

बडोद्यात पदरी पडलेला अपमान सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठविले, १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. धुळ्याजवळच्या लळिंग येथील ज्या लांडोर बंगल्यावर आपण दर वर्षी ३१ जुलैला जातो, तेथे १९३७ मध्ये मुक्कामास आलेले बॅरिस्टर आंबेडकर हे अशा रीतीने दुसऱ्यांदा उभे राहिलेले विद्यार्थी होते. पुस्तके बुडाली तरी ती वाचताना घडलेली बुद्धी त्यांच्याजवळ होती.

आजच्या विद्यार्थ्याला यात आणखी एक सोय उपलब्ध आहे. त्याचे लेखन यंत्रापासून वेगळे ठेवता येते. जाणकार असे सांगतात की, महत्त्वाच्या कामाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी असावी. एक प्रत लॅपटॉपमध्ये, एक पेन ड्राइव्हमध्ये घरी आणि एक ऑनलाइन साठवणीत ठेवली, तर प्रबंध लिहिणाऱ्या मुलीचे यंत्र जाईल, पण तिची तीन वर्षे जाणार नाहीत.

संशयाची चोरी

वस्तूबरोबर आणखी एक गोष्ट जाण्याचा धोका असतो, ती म्हणजे परस्परांवरील विश्वास. वसतिगृहात किंवा खोलीत चोरी झाली की नजर कोणाकडे वळते? सर्वांत गरीब मुलाकडे, नव्याने आलेल्याकडे, किंवा ज्याच्या जातीवर समाजाने शिक्का मारला आहे त्याच्याकडे. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने अनेक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरविले. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. तरीही गावात चोरी झाली की आपल्या खानदेशात आजही पारधी वस्तीचे नाव प्रथम घेतले जाते. ज्या समाजाने स्वतः जन्मावरून ठरविलेला कलंक सोसला, त्याने दुसऱ्याला तोच लावू नये. पुराव्याशिवाय कोणाची झडती घेणे, पंगतीत टोमणा मारणे, मित्रमंडळींच्या समूहात नाव पसरविणे, यांनी निरपराध मुलाची अब्रू जाते. लॅपटॉप विकत आणता येतो, अब्रू विकत आणता येत नाही.

चोराविषयी

दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्तात चोरीचे मूळ सांगितले आहे. राजाने निर्धनांना धन दिले नाही, म्हणून दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी आली. पहिल्या चोराने उपजीविका नसल्याचे सांगितले, तेव्हा राजाने त्याला धन दिले. ते ऐकून इतरांनीही चोरी सुरू केली. मग राजाने शिरच्छेदाची शिक्षा आरंभिली, तेव्हा चोरांनीही शस्त्रे हाती घेतली. नुसते दान आणि नुसता दंड, दोन्ही तेथे अपुरे ठरतात. कूटदंत सुत्तात पुरोहित राजाला सुचवितो की शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि सेवकाला वेतन द्यावे, म्हणजे उपद्रव शमेल. बेरोजगार तरुणांनी भरलेल्या आपल्या तालुक्यांना हा उपदेश आजही लागू आहे.

चोर हाही माणूस असतो, याचे एक ताजे उदाहरण महाराष्ट्राने पाहिले. जुलै २०२४ मध्ये रायगड जिल्ह्यातील नेरळ येथे एका बंद घरातून चोराने टीव्हीसह काही सामान नेले. पुन्हा आला असता भिंतीवरील छायाचित्र व स्मृतिचिन्हे पाहून त्याला कळले की हे घर कवी नारायण सुर्वे यांचे आहे. तेव्हा त्याने सामान परत आणून ठेवले आणि भिंतीवर माफीची चिठ्ठी चिकटविली. गिरणी कामगाराने वाढविलेल्या, श्रमिकांचे जीवन कवितेत आणणाऱ्या सुर्व्यांना जाऊन तेव्हा चौदा वर्षे होत आली होती. त्यांच्या नावाने एका अनोळखी मनात लाज जागी झाली. प्रत्येक चोर असा वागणार नाही. तरीही माणसात पालट होऊ शकतो, हे जाणून आपण द्वेषाशिवाय फिर्याद द्यावी.

दुसरा शोध : स्वतःचा

चोरीनंतर कित्येक दिवस झोप लागत नाही, पुन्हा पुन्हा तोच क्षण आठवतो, स्वतःलाच दूषणे दिली जातात. आपल्या पाल्याच्या बाबतीत असे घडल्यास पालकांनी “तुझे लक्ष कोठे होते?” हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारू नये. अपराध चोराने केला आहे. रागाच्या भीतीने घरी न सांगणारी आणि एकट्याने उधारी करणारी मुले अधिक संकटात सापडतात. दररोज थोडा वेळ आनापानाला बसावे, राग आला तर तो राग आहे एवढे ओळखावे आणि ठरलेला अभ्यास वहीवर का होईना चालू ठेवावा. माजी विद्यार्थ्यांनी आपल्याकडील जुना परंतु चालू लॅपटॉप अशा विद्यार्थ्याला परीक्षा होईपर्यंत वापरावयास द्यावा. न दिलेले घेण्याने झालेली हानी आपण होऊन दिल्याने काही अंशी तरी भरून निघते.

चिंतनासाठी प्रश्न

१. आपल्या घरातील प्रत्येक यंत्राचा अनुक्रमांक आणि बिल आज कोठे आहे?
२. आपल्या वसतिगृहात चोरी झाल्यास प्रथम कोणावर संशय घेतला जाईल, आणि त्या मुलाच्या बाजूने कोण उभे राहील?
३. गेलेल्या वस्तूसाठी आपण किती दिवस धावलो, आणि त्या दिवसांत स्वतःचा कोणता अभ्यास थांबविला?

या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक कुटुंबाने एकत्र बसून लिहून ठेवावीत, एवढीच आमची विनंती आहे.