आजोबांनी विकलेलं रान परत मिळतं का?

प्रश्न : आम्ही आंध समाजाचे. आजोबांनी १९६३ साली चार एकर रान एका बिगरआदिवासी शेतकऱ्याला खरेदीखत करून दिलं. खत खरं आहे, पैसेही घेतले होते. तरी ती जमीन परत मिळते, असं लोक सांगतात. यात तथ्य आहे का?
– एक वाचक, जवळा बाजार (जि. हिंगोली)

उत्तर : आहे. फसवणूक झाली होती, हे सिद्ध करावं लागत नाही. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीची जमीन विक्रीने किंवा अदलाबदलीने बिगरआदिवासीकडे गेली असेल, तर ती मूळ मालकाला किंवा त्याच्या वारसांना परत देणारा कायदा महाराष्ट्राने १९७४ साली केला. दुष्काळात, सावकाराच्या व्याजापायी उठवलेला अंगठा राजीखुशीचा कसा मानायचा? शहाद्याच्या भिल्लांनी आपले नेते अंबरसिंग महाराज यांच्याबरोबर १९७२ साली हाच सवाल चव्हाट्यावर आणला होता. पुढे खरेदीदार सर्वोच्च न्यायालयात गेले. लिंगप्पा पोचन्ना खटल्यात, डिसेंबर १९८४ मध्ये, कायदा टिकला.

अटी मात्र नीट वाचा. जमीन स्वतः कसायची हमी द्यावी लागते. किंमत भरावी लागते, पण ती बाजारभावाने नाही : शेतसाऱ्याच्या ४८ पट, अधिक विहीर-बांधबंदिस्तीसारख्या सुधारणांचं मोल, तेही हप्त्यांनी. शेतसारा किती क्षुल्लक असतो हे तुम्हाला ठाऊक आहेच, खरा बोजा विहिरीचा. ६ जुलै १९७४ पर्यंत ते रान बिगरशेती झालं असेल, तर हा मार्ग बंद.

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा. मुळातली तीन वर्षांची मुदत नंतर तीस वर्षांवर नेली; ती आज उरली आहे का, हे आधी तिथेच विचारून घ्या. शिवाय जिल्हाधिकारी आपणहूनही चौकशी सुरू करू शकतात. या सुनावणीत वकील उभा राहू शकत नाही. महागडा वकील समोरच्यालाच परवडणार, हे कायदा करणाऱ्यांनी बरोबर ओळखलं होतं.

तुमची खरी मेहनत कागदांत आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, त्यामुळे जुनी दप्तरं परभणीतही शोधा. १९५४-५५ चं खासरा पत्रक, १९६३ चा फेरफार आणि आजोबांपासून तुमच्यापर्यंतची वारसनोंद हाती हवी, जमातीचा दाखलाही.

ऑस्ट्रेलियाने १९८५ मध्ये उलुरूचा खडक तिथल्या आदिवासी अनंगू लोकांना परत दिला, तोही ९९ वर्षांचा भाडेपट्टा सरकारच्या नावे लिहून घेऊन. आपला कायदा त्याहून उदार : नांगर थेट तुमच्याच हाती देतो. पण आदेश निघाल्यावर नुसत्या सातबाऱ्यावर समाधान मानू नका. मोजणी करून, पंचनाम्यासह प्रत्यक्ष ताबा घ्या.