पाश्चात्त्यांची आवड आणि कान्हेरीचे दानलेख



गेल्या पौर्णिमेला घाटकोपरच्या एका घरी वंदना झाल्यावर आम्ही चहा घेत बसलो होतो. त्या कुटुंबाने दीक्षा घेऊन अजून वर्ष झालेले नाही. कॉलेजात जाणारा मुलगा मोठ्या उत्साहाने म्हणाला, "सर, शेजारी कोणी हिणवले तर मी आता एकच सांगतो. अमेरिकेतले मोठमोठे लोक बुद्धाचे ध्यान करतात. मग ते गप्प बसतात." त्याची आजी भिंतीला टेकून ऐकत होती. ती म्हणाली, "आणि उद्या त्यांनी सोडलं तर?"

मुलगा निरुत्तर झाला. खरे सांगायचे तर त्या क्षणी मलाही धड उत्तर सुचले नाही. आजचा पाठ त्या आजींच्या प्रश्नासाठी आहे, आणि तो नवदीक्षित असलेल्या प्रत्येक घरासाठी आहे. कारण आपल्यापैकी पुष्कळांना नकळत अशी सवय लागली आहे की, आपल्या धम्माला साहेबाने बरे म्हटले की आपली मान ताठ होते. ज्यांना शतकानुशतके कोणीच बरे म्हटले नाही त्यांना ही सवय लागावी यात नवल नाही. पण साहेबाची आवड कशी येते आणि कशी जाते, हे पाहायला लांब जाण्याचे कारण नाही. बोरिवली स्टेशनला उतरा, पूर्वेला बाहेर पडा आणि राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीची वाट धरा.

कान्हेरीच्या डोंगरात शंभरावर लेणी आहेत. इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास तेथे भिक्षू राहू लागले आणि जवळजवळ हजार वर्षे तेथे संघ नांदला. पुढे संघ गेला, लिपी विसरली गेली. सोळाव्या शतकात साष्टी पोर्तुगीजांच्या ताब्यात आली तेव्हा त्यांच्या पाद्र्यांना हे डोंगर फार अद्भुत वाटले. अंतोनियो दो पोर्तो नावाचा पाद्री काही माणसे घेऊन आतल्या वाटा शोधत सात दिवस हिंडला, अशी कथा त्यांच्या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. कथा अतिशयोक्तीची असेल, पण कुतूहल खरे होते. त्या कुतूहलातून झाले काय? तिसऱ्या क्रमांकाच्या भव्य चैत्यगृहाचे चर्च झाले.

येथे एक गोष्ट मुलांना अवश्य सांगा. युरोपात त्या काळी जोसाफात नावाच्या एका ख्रिस्ती संताची फार भक्ती चाले. तो म्हणे हिंदुस्थानातल्या एका राजाचा मुलगा. बापाने त्याला दुःख दिसू नये म्हणून राजवाड्यात कोंडून ठेवले. पण त्याने आजारी माणूस पाहिला, म्हातारा पाहिला, मृत्यूविषयी ऐकले आणि सारे सोडून तो निघाला. तुम्ही ओळखलेच असेल! 'बोधिसत्त्व' हा शब्द इराण आणि अरबस्तानातून जाताना 'बूदासफ' झाला. अरबी लिपीत ब आणि य यांच्यात फरक फक्त नुक्त्यांचा; एका चुकीने 'योदासफ' झाला, आणि ग्रीक-लॅटिनपर्यंत पोहोचता पोहोचता 'जोसाफात'. रोमन चर्चच्या संतांच्या यादीत त्याला २७ नोव्हेंबर हा दिवसही मिळाला. दिओगो दो कोउतो या पोर्तुगीज इतिहासकाराला साष्टीतच ही शंका आली होती. कान्हेरीच्या संदर्भात त्याने जोसाफातची गोष्ट नोंदली आणि बुद्धचरित्राशी असलेले तिचे साम्य त्याच्या ध्यानात आले.

आता दुसरी बाजू पाहा. याच पोर्तुगीजांनी जाफन्याच्या मोहिमेत बुद्धाचा दात म्हणून पुजली जाणारी एक वस्तू हस्तगत केली. पेगूच्या राजाने ती परत मिळावी म्हणून मोठी रक्कम देऊ केली. पण १५६१ साली गोव्यात आर्चबिशपने ती उखळीत कुटून जाळून टाकली. (खरा दात कँडीतच सुरक्षित आहे, असे सिंहली बौद्ध मानतात.) म्हणजे बुद्ध आपला संत म्हणून चालला, परंतु दुसऱ्याचा बुद्ध म्हणून चालला नाही. पाश्चात्त्यांच्या आवडीचा हा पहिला धडा.

इंग्रजांच्या काळात आवडीने वेगळे रूप घेतले. आता पाद्री गेला आणि साहेब आला, हातात फूटपट्टी आणि वही घेऊन. १८३७ साली कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली. लगेच १८३९ साली जेम्स बर्ड नावाच्या डॉक्टरने कान्हेरीचा एक स्तूप उकरला. आत दोन तांब्याची भांडी निघाली. एकात रक्षा, माणिक, मोती, सोन्याचे तुकडे आणि सोन्याची डबी; दुसऱ्यात चांदीची डबी व रक्षा. कोणाची तरी श्रद्धेने ठेवलेली ती रक्षा होती. बर्डला ती 'सापडली' होती.

पुढे आला एडवर्ड वेस्ट. आडनावच वेस्ट, हा योगायोग! ज्या जी. आय. पी. रेल्वे कंपनीची गाडी १८५३ साली घाटकोपर, मुलुंडच्या शिवारातून ठाण्याला गेली, त्याच कंपनीत तो इंजिनिअर होता. कामाच्या वेळाखेरीज त्याने कान्हेरीच्या लेखांच्या प्रती काढल्या आणि १८६१च्या सुमारास त्या येथील एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापल्या. उन्हातान्हात, झुडपे बाजूला सारून दगडावरचे एकेक अक्षर उतरवून घेणे सोपे काम नव्हे. आपण त्याचे उपकार मानले पाहिजेत. पुढे मात्र वेस्टचे मन पहलवी भाषेत रमले आणि त्या विषयाचा तो मोठा पंडित झाला. यात त्याचा दोष काय? विद्वानाला विषय असतो. तो विषय बदलू शकतो.

परंतु ध्यानात घ्या, ही सारी वर्षे त्या डोंगराच्या पायथ्याशी माणसे राहत होती. त्यांना कोणी विचारले नाही, की बाबांनो, येथे काय लिहिले आहे हे तुम्हांला हवे आहे काय? लेख छापले गेले इंग्रजीत, वाचले गेले लंडनला आणि टाऊन हॉलमध्ये. गावकऱ्यांना ही लेणी पांडवांची. अंधेरीच्या कोंडिवट्याची बौद्ध लेणी तर महाकालीचीच झाली.

१८७९ साल हे या आवडीच्या भरतीचे साल. त्याच वर्षी एडविन अर्नोल्डचे 'लाइट ऑफ एशिया' हे बुद्धचरित्रपर काव्य प्रसिद्ध झाले आणि इंग्लंड-अमेरिकेत घरोघर गेले. हा अर्नोल्ड पूर्वी पुण्याच्या कॉलेजाचा प्रिन्सिपॉल होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत कर्नल ऑल्कॉट आणि मॅडम ब्लाव्हाट्स्की मुंबईत उतरली. पुढच्या वर्षी दोघांनी सिलोनमध्ये गॉल येथे पंचशील घेतले. एवढी भरती का आली? कारण तिकडे विज्ञानाने चर्चवरचा विश्वास हलवला होता. देव न मानताही नीतीने जगता येते, असे सांगणारा कोणी तरी त्यांना हवा होता. भूक त्यांची होती, म्हणून त्यांनी बुद्धाकडे हात केला.

१८८२ साली थिऑसॉफिकल सोसायटीने मुंबई सोडली आणि ती मद्रासच्या अड्यारला गेली. त्याच वर्षी भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उघडून त्यातील अवशेष उजेडात आणले, हे सहज सांगून ठेवतो. आपल्या पंडितांनीही हे काम केले आहे, पण त्यांची नावे आपल्या मुलांना ठाऊक नसतात.

ऑल्कॉटविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. त्याने मद्रासेत अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. १८९८ साली पंडित अयोतीदास आपल्या लोकांसाठी बौद्ध धम्माचा मार्ग शोधत होते, तेव्हा तो त्यांच्या पाठीशी उभा राहिला. त्याची आवड ग्रंथातून माणसापर्यंत आली. पण १९०७ साली तो वारला आणि सोसायटीची सूत्रे अ‍ॅनी बेझंट यांच्याकडे गेली. हिंदुस्थानच्या प्राचीन परंपरेवर या बाईंचे केवढे प्रेम! आणि त्याच बाईंनी १९०९ साली लेख लिहून अस्पृश्यांच्या मुलांना वरच्या जातींच्या मुलांशेजारी बसविण्यास विरोध केला. कारण काय, तर त्यांच्या अंगाची अस्वच्छता. परमपूज्य बाबासाहेबांनी १९४५च्या आपल्या ग्रंथात तो उतारा मुद्दाम देऊन ठेवला आहे. परंपरेवर प्रेम करणे आणि माणसावर प्रेम करणे या किती निरनिराळ्या गोष्टी आहेत, याचा तो कागदोपत्री पुरावा आहे.

आपल्या धर्मानंद कोसंबींची हकीकतही येथे सांगण्यासारखी आहे. गोव्यातील सांखवाळ गावचा हा मराठी माणूस बुद्धाच्या ओढीने घरदार सोडून सिलोनला गेला आणि पाली शिकला. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाला 'विसुद्धिमग्ग' या महान ग्रंथाची पाठशुद्ध आवृत्ती काढायची होती. वॉरन नावाच्या त्यांच्या विद्वानाने ते काम सुरू केले होते. तो वारल्यामुळे ते अडले होते. १९१० साली कोसंबींना बोलावणे आले. काम पुढे गेले, मग श्रेय कोणाचे यावरून तेथील प्राध्यापकाशी वाद झाला आणि कोसंबी परतले. त्यानंतर आणखी तीनदा ते अमेरिकेला गेले. ग्रंथ छापून बाहेर पडला १९५० साली. कोसंबी १९४७ सालीच सेवाग्रामला निवर्तले होते. चाळीस वर्षांत हार्वर्डचा उत्साह कितीदा वर आला आणि कितीदा बसला असेल! पण मधल्या काळात कोसंबी हातावर हात ठेवून बसले नाहीत. त्यांनी मराठीत बुद्धाविषयी लिहिले आणि १९३०च्या दशकात परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार उभारला. हार्वर्डच्या पत्राची वाट पाहत ते थांबले असते तर मराठी वाचकाला 'भगवान बुद्ध' हा त्यांचा ग्रंथ मिळाला नसता.

१९६०च्या पुढे आलेल्या लाटेविषयी फार सांगत नाही. व्हिएतनामच्या युद्धाला विटलेली पोरे केस वाढवून काठमांडू, बोधगया, गोव्याकडे आली. बहुतेक घरी जाऊन नोकरीला लागली, थोडी टिकली. त्यांतील काही सत्यनारायण गोएंकांच्या शिबिरांतून विपश्यना शिकली. गोएंकाजींनी १९६९ साली मुंबईत पहिले शिबिर घेतले, १९७६ साली इगतपुरीला केंद्र उभे राहिले, आणि २००९ साली आपल्या गोराईच्या खाडीकाठी प्रचंड पॅगोडा उघडला. आता तिकडच्या कंपन्यांत आणि इस्पितळांत श्वासावर लक्ष ठेवण्याचे वर्ग चालतात. झोप लागावी, रक्तदाब उतरावा, काम जास्त व्हावे म्हणून. काही बिघडत नाही. पण पाहा, श्वास घेतला आणि शील ठेवून दिले. ध्यान घेतले आणि दान, संघ, समता ही वाटेत राहिली. पाद्र्याला संत हवा होता, थिऑसॉफिस्टांना गूढ हवे होते, हिप्पीला शांती हवी होती, आजच्या साहेबाला झोप हवी आहे. प्रत्येकाने आपल्यात जे कमी होते तेवढेच उचलले. पोट भरले की माणूस ताटावरून उठतो.

म्हणून काय सगळेच गोरे सारखे? मुळीच नाही. १९५६च्या डिसेंबरात बाबासाहेबांच्या परिनिर्वाणाची बातमी आली तेव्हा नागपुरात हजारो शोकाकुल लोकांपुढे उभे राहून धीर देणारे भिक्षू संघरक्षित लंडनमध्ये जन्मलेले होते. त्यांना तेथे थांबण्याची कोणी सक्ती केली नव्हती. माणूस कोठून आला यापेक्षा दुःखाच्या वेळी कोणाजवळ उभा राहिला, हे पाहावे.

आता आजींच्या प्रश्नाकडे वळतो. उद्या त्यांनी सोडले तर आपल्याजवळ काय उरते? वेस्टने उतरवलेले ते लेख काढून वाचा, म्हणजे दिसेल. त्यांत गूढ असे काही नाही. बहुतेक लेख पावत्यांसारखे आहेत. कल्याणच्या सामिदत्त सोनाराने पाण्याचे टाके दिले. कल्याणच्याच नंद लोहाराने वाट बांधून दिली. गजसेन आणि गजमित्र या व्यापारी भावांनी चैत्यगृह उभारले, तेव्हा राज्य यज्ञश्री सातकर्णीचे होते. सोपारा, चौल, नाशिक या गावांची नावे येतात. भिक्खुनींची दाने आहेत. बोरिवलीचे आपले मागाठाणे एका लेखात 'मंगलठाण' म्हणून येते आणि तेथील शेत संघाला दिल्याची नोंद आहे, असे अभ्यासक सांगतात. आज मागाठाण्याला राहणाऱ्या उपासकांनो, तुमच्या रेशनकार्डावरचे नाव त्या डोंगरात कोरलेले आहे!

ही माणसे आपले रक्ताचे पूर्वज होती असे मी म्हणणार नाही. त्याला माझ्याजवळ पुरावा नाही, आणि पुराव्यावाचून बोलणे बाबासाहेबांच्या अनुयायाला शोभत नाही. पण सोनार, लोहार, व्यापारी, शेताचा मालक ही संसारी माणसे होती. त्यांना कोणी परदेशी पाहुण्याने प्रशस्तिपत्र दिले नव्हते. लोहाराने वाट का दिली असेल? पावसात भिक्षूंचे पाय घसरत असतील, हे त्याने पाहिले असेल. त्याला वाट बांधता येत होती, त्याने बांधली. तुमच्या वस्तीतल्या विहाराची फरशी, नळ, दिवा ज्यांनी महिन्याच्या पगारातून दिला, त्यांची नावेही भिंतीवरच्या पाटीत आहेत. ती पाटी आणि कान्हेरीची शिळा एकाच जातीची आहे.

त्या मुलाला मी नंतर एवढेच सांगितले की शेजाऱ्याला अमेरिकेचे उत्तर देऊ नकोस. नंद लोहाराचे दे. आणि ते जमत नसेल तर तुझ्या आजीने विहाराला काय दिले ते सांग. तो हसला. आजीने विहाराला काय दिले हे त्याला माहीतच नव्हते.

येत्या रविवारी सहकुटुंब कान्हेरीला जा. सकाळी लवकर निघा, पाणी आणि डबा सोबत घ्या. पावसाळा असेल तर टाकी भरलेली दिसतील. चैत्यगृहाकडे सारे जातात, तुम्ही टाक्यांच्या वरचा दगड निरखून पाहा. एक शब्द पुन्हा पुन्हा भेटेल : 'देयधम', म्हणजे दिलेले दान. ओळखायला कठीण नाही. ध हा दोरी लावलेल्या धनुष्यासारखा असतो. म खाली त्रिकोणी किंवा वाटोळा, वर दोन शिंगे. य तीन दातांच्या काट्यासारखा. मुलांना वहीवर ही तीन अक्षरे आधी घरी काढून द्या आणि तेथे गेल्यावर शोधायला लावा. दगडावर खडू लावू नये, बोटही फिरवू नये, अक्षरे झिजतात. ज्याला पहिला 'देयधम' सापडेल त्याने तो मोठ्याने वाचावा, आणि आजीला सोबत नेले असेल तर तिच्याकडूनही वाचून घ्यावा.