चालत्या डेटाबेसला हात लावण्यापूर्वी

‘एक कॉलमच तर वाढवायचा आहे, क्षणाचे काम,’ असे म्हणून ज्या ठेकेदार कंपनीने माझी लेखी हरकत दप्तरदाखल केली, तिनेच आमच्या पतसंस्थेचा व्यवहार भर दुपारी बंद पाडला. आणि पुढे जो खुलासा सादर केला त्यात सारा दोष सर्व्हरच्या तोकड्या क्षमतेवर ढकलला. हा अन्याय मला अजून सलतो. परंतु ज्यांच्या हाती चालते डेटाबेस आहेत त्यांच्या उपयोगी पडावी म्हणून खरी हकिकत सांगणे अगत्याचे वाटते.

पोस्टग्रेसमध्ये रिकामा कॉलम वाढविणे हे खरोखरच क्षणाचे काम आहे. मात्र त्या क्षणापुरता टेबलवर अनन्य ताबा (लॉक) लागतो, आणि नेमक्या त्या वेळी देवघेवीच्या टेबलवर ताळमेळाचा एक दीर्घ अहवाल चालू होता. ‘आल्टर टेबल’ची आज्ञा त्या अहवालामागे खोळंबली, आणि एरवी अहवालाच्या जोडीने निर्वेध चालली असती अशी प्रत्येक साधी क्वेरी या खोळंबलेल्या आज्ञेमागे अडकून पडली. मी ‘पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटी’ पाहिली, तेव्हा प्रोसेसर जवळजवळ स्वस्थ होता, डिस्कवर भार नव्हता, आणि तरीही झाडून साऱ्या जोडण्या त्या एकाच लॉकसाठी तिष्ठत होत्या. ज्या टेबलसाठी हा अनर्थ ओढवला, त्यात तोवर एका अक्षराचाही बदल झालेला नव्हता. ती आज्ञा रद्द करा, असे मी परोपरीने विनवीत असता कंपनीचे गृहस्थ मला फोनवर मेमरी वाढविण्याचा सल्ला देत होते. अखेर मीच ती रद्द केली, आणि तुंबलेले सारे काम तत्काळ मार्गी लागले.

म्हणून रचनाबदलाच्या आज्ञेपूर्वी ‘लॉक टाइमआउट’ दोन-तीन सेकंदांचा ठेवावा. तेवढ्यात ताबा न मिळाल्यास आज्ञा आपोआप माघार घेते, आणि थोड्या वेळाने पुन्हा यत्न करता येतो. इंडेक्स ‘कन्करंटली’ बांधावा. मात्र ही आज्ञा ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, आणि मध्येच फसली तर अवैध इंडेक्स मागे उरतो, तो आठवणीने काढून टाकावा. २०१८ मधील ११ व्या आवृत्तीपूर्वीचे पोस्टग्रेस असेल, तर डिफॉल्ट मूल्यासह कॉलम वाढविताना सबंध टेबल नव्याने लिहिले जाते, हे विसरू नये. मायएसक्यूएलमध्ये तर रचनाबदलाची आज्ञा आधीचे ट्रान्झॅक्शन परस्पर कायम करून टाकते, त्यामुळे अर्धवट झालेले मायग्रेशन जसेच्या तसे मागे फिरविता येत नाही.

कॉलमचे नाव एका आज्ञेत बदलण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण प्रोग्रॅमची जुनी व नवी आवृत्ती काही काळ एकत्र नांदतात. आधी नवा कॉलम जोडावा, दोन्हींत लिहावे, जुनी माहिती लहान तुकड्यांनी भरावी, वाचन नव्याकडे वळवावे, आणि जुना कॉलम पुढल्या एखाद्या आवृत्तीत काढावा. काढलेला कॉलम उलट्या मायग्रेशनने परत येतो, त्यातील माहिती येत नाही.

विकासाच्या काळातही शिस्त हवीच. गावच्या फेरफार नोंदवहीत जशी प्रत्येक नोंद अनुक्रमाने होते आणि मग सातबारा बदलतो, तशीच प्रत्येक मायग्रेशनची क्रमांकित फाइल असावी, आणि एकदा लागू झालेल्या फाइलला कोणीही हात लावू नये. चूक आढळल्यास नवी फाइल लिहावी. फ्लायवेसारखे साधन चेकसम ताडून असा हस्तक्षेप उघडकीस आणते. बॅकअप घ्यावा, तो परत भरून पाहावा, आणि बदलाची चाचणी खऱ्या आकाराच्या प्रतीवर करावी, हे तर सांगावयासच नको.

आणि एक गोष्ट मी कळकळीने सांगतो: अडलेली आज्ञा रद्द करण्यापूर्वी, ‘पीजी ब्लॉकिंग पिड्स’ने कोण कोणामागे अडले आहे ते काढून, ती यादी वेळेसह जतन करावी. आज्ञा रद्द होताच ती यादी नाहीशी होते, आणि मग ज्यांनी व्यवहार बंद पाडला त्यांचा खुलासाच दप्तरी कायम होतो.