क्षेत्रफळाचा रकाना: व्याख्या एकदाच

प्रश्न : वनहक्क नोंदींच्या प्रत्येक तक्त्यात क्षेत्रफळाचा रकाना वेगळ्याच प्रकारचा झाला आहे. उपाय काय?

उत्तर : रकान्याचा प्रकार एकदाच, नावानिशी ठरवावा. पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी ‘क्रिएट डोमेन’ ही आज्ञा आहे. उदाहरणार्थ, धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला. अशा नोंदींसाठी ‘क्षेत्र_हेक्टर’ हा प्रकार शून्याहून मोठा आणि चार दशांश स्थळांचा ठेवावा. चौथे स्थळ म्हणजे एक चौरस मीटर. मग दावा, बांबूतोड, नकाशा, सगळीकडे तीच अट लागते. गावाचे नाव मात्र ओळख म्हणून मुळीच वापरू नये, कारण धानोरा नावाची गावे राज्यात अनेक आहेत. 2011 च्या जनगणनेचा सहा अंकी गावकोड घ्यावा. मायएसक्यूएलमध्ये डोमेन नाही. तिथे ‘चेक’ची अट प्रत्येक तक्त्यात लिहावी लागते.