कोरोना पश्चात आजार : निदान, उपचार व कुटुंबाची भूमिका

मार्च २०२० मध्ये सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर (आता ईश्वरपूर) येथे कोरोनाचे रुग्ण आढळले आणि सारा जिल्हा धास्तावला. २०२१ मधील दुसऱ्या लाटेत सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील हजारो कुटुंबांना या आजाराची झळ पोहोचली. 'निगेटिव्ह' अहवाल हाती आला की आजार संपला, असे त्या काळी मानले जाई. काही रुग्णांचा त्रास मात्र त्यानंतरही सुरूच राहिला.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये या अवस्थेची व्याख्या केली. संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनी आढळणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि अन्य कोणत्याही निदानाने उलगडा न होणारी लक्षणे म्हणजे 'कोरोना पश्चात आजार'. थकवा, धाप लागणे, विस्मरण व एकाग्रतेचा अभाव ही त्यांतील प्रमुख लक्षणे होत.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातील ३१ रुग्णालयांतून घरी गेलेल्या १४,४१९ रुग्णांचा पाठपुरावा केला. त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. घरी गेल्यानंतर चार ते आठ आठवड्यांनी १७.१ टक्के रुग्णांनी अशा तक्रारी सांगितल्या, तर वर्षभरात ६.५ टक्के रुग्ण दगावले. हे सर्व मृत्यू कोरोनामुळेच झाले, असा याचा अर्थ नव्हे. तथापि, वयोवृद्ध व सहव्याधी असलेल्या रुग्णांना घरी पाठविल्यानंतरही देखरेखीची गरज असते, हे यावरून स्पष्ट होते. संसर्गापूर्वी लस घेतलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका कमी आढळला, ही बाब दिलासादायक आहे.

विषाणूजन्य ताप उतरल्यावर दुखणे मागे राहणे आपल्याला नवे नाही. २००६ मधील चिकुनगुन्याच्या साथीनंतर महाराष्ट्रातील अनेकांचे सांधे कित्येक महिने दुखत राहिले होते.

या आजाराचे निदान करणारी एकच चाचणी नाही आणि त्यावर एकच रामबाण औषधही नाही. म्हणून क्षयरोग, मधुमेह, रक्तक्षय, थायरॉईड व हृदयविकार यांपैकी काही नाही ना, हे डॉक्टर प्रथम तपासतात. सहा मिनिटे चालवून त्यापूर्वी व नंतर ऑक्सिजनची पातळी मोजणे, ही साधी तपासणीही उपयुक्त ठरते. काही रुग्णांना श्रम केल्यानंतर एक-दोन दिवसांनी अधिक त्रास होतो. अशांनी नेटाने काम रेटू नये. कामाचे छोटे भाग करून थकवा येण्यापूर्वीच विश्रांती घ्यावी. छातीत दुखणे, शुद्ध हरपणे वा धाप वाढणे ही लक्षणे दिसताच विनाविलंब रुग्णालयात यावे.

शेतात राबणाऱ्या किंवा रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाच्या थकव्याला घरचेच 'आळस' म्हणू लागले, की तो तपासणीला येत नाही आणि दुखणे अंगावर काढतो. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे हे कुटुंबीयांचे पहिले कर्तव्य होय. दात्यांनाही एक नम्र निवेदन आहे. खाटा व यंत्रे डोळ्यांना दिसतात. पुनर्तपासणी, तिच्यासाठीचा एस.टी.चा प्रवास व बुडालेली मजुरी दिसत नाही. रुग्ण पुन्हा कामावर उभा राहणे मात्र बहुधा त्यावरच अवलंबून असते.